बडोद्यात भुतानं केलेला खून : पोलीस तपास कसा करतील?

सुरसागरकाठ (धागाकर्ती)

मंडळी, दिवाळी अंकासाठी म्हणून धरलेली कथा हातात मावेना, तिची कादंबरी होऊ लागली आणि आता मी एका जागी पक्की अडकले आहे. मदत हवी आहे.

गोष्ट आजच्या बडोद्यातली. चार महिन्यांत तीन माणसं मरतात. पहिला मृत्यू दांडियाबाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या न्हाणीघरात, दाराला आतून कडी. दुसरं प्रेत सुरसागर तळ्यात तरंगताना सापडतं. तिसरं विश्वामित्री नदीच्या काठावर, लचके तोडलेलं. तिघांचाही त्या एकाच वाड्याशी संबंध. वाड्यात चाळीसेक वर्षांपूर्वी एक सून वारली होती आणि अख्खी आळी म्हणते की तीच आता एकेकाला नेतेय. तपास एका मराठी पीएसआयबाईंकडे येतो. त्यांच्या हाताखाली एक गुजराती जमादार आहे, जो घरी भुव्याला, म्हणजे इकडच्या मांत्रिकाला, मानतो पण नोकरीत कागदाबाहेर पाऊल टाकत नाही.

माझ्या गोष्टीत भूत खरं आहे. शेवटी "सगळं मुनीमानं घडवलं होतं" असं मला करायचं नाही. पण पोलीसही खरे हवेत. आपल्या भयकथांमधला इन्स्पेक्टर दुसऱ्या पानावर मांत्रिकाच्या मागे चालू लागतो, तो मला नको. खऱ्या पोलीस स्टेशनात हे प्रकरण आलं तर कागदावर काय उमटेल?

हे का लिहितेय तेही सांगते. मी सात-आठ वर्षांची असताना शेजारच्या वाड्यात एक काकू होत्या. पस्तिशीच्या आतल्या. वर्षभर आजारी होत्या. उलट्या व्हायच्या. पाय पेटल्यासारखे वाटतात म्हणून ओल्या फरशीवर तळवे टेकून बसायच्या, मुंग्या चावतात म्हणायच्या. केस गळून वेणी करंगळीएवढी झाली होती. घरच्यांनी भुवा आणला. आपण घुमणं म्हणतो, इथे धुणणं म्हणतात. तो रात्र रात्र धुणायचा. एका पहाटे काकू गेल्या आणि नऊच्या आत त्यांना नेलं. "झपाटलं होतं बिचारीला," एवढं एकच कारण सगळ्यांच्या तोंडी. पोलिसांना कुणी कळवलं नाही. माझी पीएसआय त्या न उघडलेल्या फायलीपर्यंत पोचली पाहिजे, हा माझा हट्ट आहे.

बंदोबस्त

ताई, माझे वडील गुजरात पोलिसात जमादार होते, त्यामुळे हे शब्द मी जेवताना ऐकत वाढलो.

पहिली गोष्ट, तुमच्या पीएसआयबाई पहिल्या दिवशी खून शोधत नसतात. न्हाणीघरात प्रेत सापडलं की इलाख्याच्या पोलीस स्टेशनात "अकस्मात मोत" दाखल होतं. खुनाची फिर्याद नाही. मग इन्क्वेस्ट पंचनामा. पूर्वी हे सीआरपीसी १७४ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. त्या कलमाची भाषा तुमच्या कामाची आहे. माणसानं आत्महत्या केली, किंवा त्याला दुसऱ्या माणसानं मारलं, किंवा जनावरानं, किंवा यंत्रानं, किंवा अपघातानं, किंवा कुणीतरी गुन्हा केल्याचा वाजवी संशय यावा अशा परिस्थितीत मेला. भुतासाठी जागाच ठेवलेली नाही. तुमच्या बाईंना या पाचसहा खणांपैकी एकात ते प्रेत बसवावंच लागेल, आणि अहवाल २४ तासांत मॅजिस्ट्रेटकडे गेला पाहिजे.

दुसरं, पंच. कायदा म्हणतो शेजारपाजारचे दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवासी. जुन्या आळीत असल्या मयताला पंच मिळवणं म्हणजे काय, ते वडिलांना विचारावं. दारं लागायची. कुणी म्हणायचं गावाला निघालोय, कुणी म्हणायचं सुतक आहे. खुनाला घाबरून नव्हे. एकदा सही केली की प्रेताच्या अंगावरची प्रत्येक खूण आपण पाहिली असं कबूल करणं आलं. तुमच्या गोष्टीत पहिली भीती इथे आहे असं मला वाटतं.

तिसरं, बाई क्राइम ब्रांचच्या असतील तर तपास आपोआप त्यांच्याकडे येणार नाही. आधी पोलीस स्टेशनचा डी-स्टाफ, म्हणजे गुन्हे शोधणारी माणसं, धावपळ करेल, तीन मयतांचा धागा जुळला की वरून हुकूम होऊन कागद डीसीबीकडे, म्हणजे क्राइम ब्रांचकडे, जातील. आणि जमादाराला "रायटर" करा. पीआय काय म्हणतात आणि कागदावर काय उतरतं यातलं अंतर त्याच्या हातात असतं.

निवृत्तवैद्य

न्यायवैद्यक शिकवण्यात आणि शवविच्छेदन करण्यात माझी तीस वर्षं गेली. न्हाणीघराबद्दल लिहितो, कारण तुम्ही नकळत एक खरं प्रकरण लिहिलं आहे.

आतून कडी, अंगावर जखम नाही, नळ चालू, माणूस ओल्या अंगानं खाली पडलेला. असं प्रेत आलं की माझा पहिला प्रश्न असायचा: गॅसगिझर आहे का, आणि खिडकी बंद होती का? बंद जागेत गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पायातलं बळ जातं आणि हाक मारायच्या आत माणूस कोसळतो. कडी काढायचं भानच राहत नाही. मेल्यावर रक्त अंगाच्या खालच्या बाजूला उतरतं तेव्हा त्या डागांना नेहमीचा निळसर जांभळा रंग न येता चेरीसारखा गुलाबी येतो. सावळ्या कातडीवर तो सहज दिसत नाही, नखांखाली आणि ओठांच्या आत पाहावं लागतं. "मेला तरी चेहरा कसा टवटवीत" असं नातेवाईक म्हणतात आणि गोष्ट पसरते. कारण सापडलं नाही, गिझर तसाच राहिला, की महिन्याभरात त्याच न्हाणीघरात दुसरा जातो. मग ते न्हाणीघर झपाटलेलं ठरतं.

हा वायू थोड्या प्रमाणात रोज मिळाला तर भासही होतात. १९२१ साली एका अमेरिकन नेत्रतज्ज्ञानं असं एक घर नोंदवून ठेवलं आहे. रात्री पावलांचे आवाज, खोलीत उभ्या आकृत्या, घरातली माणसं फिकट आणि थकलेली. तळघरातली भट्टी नादुरुस्त होती. ती दुरुस्त झाली आणि आकृत्या यायच्या थांबल्या.

सुरसागरच्या प्रेतासाठी डायटम चाचणी वापरा. डायटम म्हणजे पाण्यातली सूक्ष्म शेवाळं, त्यांना वाळूसारखं कठीण कवच असतं. माणूस जिवंतपणी बुडाला तर पाण्याबरोबर ती फुप्फुसातून रक्तात आणि तिथून मांडीच्या हाडाच्या मगजापर्यंत पोचतात. मेलेला पाण्यात टाकला तर रक्त फिरत नसल्यानं मगजात जात नाहीत. प्रत्येक पाण्यातली वस्ती वेगळी असते. मगजात सुरसागरच्या ऐवजी विश्वामित्रीची शेवाळं निघाली तर तुमच्या बाईंना रात्रभर झोप लागायची नाही.

आणि मध्यरात्रीचं शवविच्छेदन लिहू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं सूर्यास्तानंतरच्या शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, कुजलेलं प्रेत, संशयास्पद मृत्यू हे एरवी त्यातून वगळलेले आहेत. प्रेत सकाळची वाट बघत शवागारात राहील. बाहेर बाकावर नातेवाईक. ती रात्र लिहा.

विश्वामित्री

तिसऱ्या प्रेताबद्दल. मी वन्यजीव बचावाच्या कामात असते. आपली नदी पावागडाकडून येते, ऐन शहरातून जाते आणि तिच्यात मगरी आहेत हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या, आम्ही रात्रंदिवस धावत होतो.

मगर चावून खात नाही. तिचे दात सुळ्यासारखे, पकडून ठेवायचे. ती पकडते, पाण्याखाली ओढते आणि स्वतःभोवती गिरकी घेऊन तुकडा तोडते. म्हणून अंगावर कमानीत ओळीनं खोल भोकं दिसतात आणि हातपाय पिळून निघाल्यासारखे. काठावर मगर दिसली म्हणजे तिनंच मारलं असं होत नाही, आधी मेलेलं प्रेतही ती ओढते. जिवंतपणीच्या जखमेत रक्त आजूबाजूच्या मांसात मुरतं, नंतरच्यात मुरत नाही, हे डॉक्टरकाका जास्त चांगलं सांगतील.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मगरीनं मारलं असं ठरलं की वनखात्याचा पंचनामा होतो आणि वारसांना सरकारी भरपाई मिळते. माणसानं मारलेल्याला नदीकाठी आणून टाकण्यात कुणाचा तरी फायदा असू शकतो. आणि आळीवाले "तिनं नेला" म्हणत असतील तर मारणाऱ्याचं काम आणखी सोपं.

पर्वतीपायथा

पुण्याहून वाचतोय. सगळे प्रतिसाद उत्तम, पण मला काळजी वाटायला लागली आहे. न्हाणीघर गॅसनं, तळं शेवाळानं, नदी मगरीनं. मग भूत कुठे उरलं? ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंय की ते खरं आहे. तीनशे पानं भीती दाखवून शेवटी प्रयोगशाळेचा अहवाल हातात दिला तर वाचक म्हणून मला फसवल्यासारखं वाटेल.

दुसरं, आपल्याकडचं भूत उगाच मारत सुटत नाही. त्याचं काहीतरी राहिलेलं असतं. दहाव्याला कावळा शिवला नाही की आपण काय करतो? पिंडासमोर हात जोडून एकेक विचारतो, मुलांकडे बघू, कर्ज फेडू, धाकटीचं लग्न करू. बरोबर ते वाक्य आलं की कावळा शिवतो. तुमच्या त्या सुनेचं काय राहिलं होतं?

बंदोबस्त

@पर्वतीपायथा, भूत उरतंच की. तीन मृत्यूंची तीन कारणं सापडली तरी हेच तिघं का, आणि याच क्रमानं का, हे कुठलाही अहवाल सांगत नाही. पोलीस "कसा मेला" ते काढतात. "का आज" हे फायलीत कधीच नसतं.

न्यायमंदिर

वकील आहे. ज्या न्यायमंदिर इमारतीचं नाव मी घेतलंय ती सुरसागरसमोरची १८९६ ची, तिथेच माझी उमेदवारी झाली. कोर्ट आता दिवाळीपुऱ्यात गेलं, पण तुमच्या कादंबरीत जुन्या इमारतीला एक प्रकरण द्या, ही विनंती.

आपल्या न्यायालयांपुढे भूत आलेलं आहे, आरोपीच्या बचावात. कायद्याचे विद्यार्थी हमखास वाचतात तो खटला म्हणजे ओरिसा राज्य विरुद्ध रामबहादूर थापा, ओरिसा उच्च न्यायालय, १९५९. दुसऱ्या महायुद्धातल्या एका ओसाड विमानतळावर भंगार विकत घ्यायला कलकत्त्याहून एक व्यापारी आला, बरोबर हा नेपाळी नोकर. त्या जागेत भुतं आहेत असं गावात पक्कं ठरलेलं. मध्यरात्री जाताना दूर लुकलुकता उजेड दिसला, आजूबाजूला आकृत्या हलताना दिसल्या. नोकर खुकरी काढून धावला आणि दिसेल त्यावर वार करत सुटला. त्या गावातल्या आदिवासी बायका होत्या, कंदील घेऊन मोहाची फुलं वेचत होत्या. एक मेली, दोघी गंभीर जखमी झाल्या. सत्र न्यायालयानं त्याला सोडलं आणि उच्च न्यायालयानं ते कायम केलं, कारण आपण माणसावर वार करतोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. तेव्हाचं भादंवि ७९, आताच्या न्याय संहितेचं कलम १७.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या फुलं वेचणाऱ्या बायकांचाच विचार करत राहिलो. कायद्यानं निकाल योग्य असेल, मी तसंच शिकलो आणि शिकवतो. पण भूत "दिसलं" की मरतं ते माणूस, आणि बहुतेक वेळा ती बाईच असते. बिहारनं १९९९ मध्ये डाकीण ठरवण्याविरुद्ध कायदा केला, झारखंडनं २००१ मध्ये, छत्तीसगडनं २००५ मध्ये. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला. गुजरातचा ऑगस्ट २०२४ मध्ये विधानसभेत मंजूर झाला, सहा महिने ते सात वर्षं कैद. म्हणजे तुमच्या काकूंवर रात्र रात्र धुणणारा तो भुवा आज माझ्या अशिलाच्या बाकावर बसला असता.

कथेसाठी एक खिळा देतो, मृत्युपूर्व जबाब. आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल मेलेला माणूस जे बोलून गेला ते साक्ष अधिनियमाच्या कलम २६ खाली पुराव्यात येतं (जुनं ३२). तिघांपैकी एकजण मरताना जमादारासमोर म्हणाला, "ती आली होती, तिनं ढकललं," तर रायटरला ते शब्द जसेच्या तसे लिहावे लागतील. "भास झाला असावा" असं स्वतःच्या मनानं जोडता येणार नाही. भुताचं नाव सरकारी कागदावर येण्याचा तो एकमेव सरळ रस्ता आहे. कोर्ट नंतर विचारेल की बोलणारा शुद्धीवर होता का, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं का.

कवळाणेकर

बडोद्यातला पोलीस तपास आणि विष म्हटल्यावर गप्प राहवत नाही.

९ नोव्हेंबर १८७४. इंग्रज सरकारचे बडोद्यातले प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर, सकाळी फिरून आले, नेहमीचं पपनसाचं सरबत दोन घोट घेतलं, चव विचित्र लागली, पेला खिडकीबाहेर ओतून टाकला. तळाशी काळपट गाळ राहिला. तो तपासला तेव्हा सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड निघाली. मुंबईचे पोलीस कमिशनर साउटर तपासाला आले. रेसिडेन्सीतल्या एका हवालदाराच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. बचावाचं म्हणणं, ती पोलिसांनीच ठेवली. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर चौकशी आयोग बसला, त्यांच्यासाठी लंडनहून वकील सार्जंट बॅलंटाइन आले. सहा सदस्यांपैकी तीन इंग्रजांनी महाराजांना दोषी धरलं. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना ते पटलं नाही. तरी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलंच. महिन्याभरात कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक गेला, तेच आपले सयाजीराव.

दीडशे वर्षांत त्या पुडीचा निकाल लागलेला नाही. तुमच्या पीएसआयबाईंना या शहरात मुद्देमाल उचलताना हात का थरथरतात, त्याला हा इतिहास पुरेल.

निवृत्तवैद्य

कवळाणेकरांचा प्रतिसाद वाचून मी पुन्हा वर गेलो आणि धागाकर्तीची पहिली पोस्ट तीनदा वाचली. हे लिहू की नको असा विचार करत दोन दिवस गेले.

पायांची आग, मुंग्या, वारंवार उलट्या, केस जाणं, आणि हे सगळं महिनोन् महिने थोडं थोडं. न्यायवैद्यकाच्या पुस्तकात ही यादी सोमलाच्या प्रकरणात येते. तळहात-तळपाय जाड होतात, अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग पडतात, नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात. सुनांना सासरी "लागण" झाली म्हणून आणलेली अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. पण हीच लक्षणं साध्या आजारातही दिसतात, जीवनसत्त्वांच्या अभावातही. सात वर्षांच्या मुलीच्या आठवणीवरून मी निदान करणार नाही, तुम्हीही करू नका.

कादंबरीसाठी मात्र सांगतो. सोमल जळून सगळा नाहीसा होत नाही. अस्थींत, राखेत सापडू शकतो. आणि तो केसात बसतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून वीतभर केसाचे तुकडे करून तपासले तर कुठल्या महिन्यात किती दिलं गेलं ते वाचता येतं. तुमच्या वाड्यात त्या सुनेची फणेरपेटी कुणी जपून ठेवली असेल, फणीत गुंतलेल्या केसांसकट, तर चाळीस वर्षांनंतरही पीएसआयबाईंना तिची रोजनिशी मिळेल.

विश्वामित्री

फणेरपेटी वाचून अंगावर काटा आला. माझ्या आजीची अजून माळ्यावर आहे.

सुरसागरकाठ (धागाकर्ती)

उत्तर द्यायला आठवडा लागला. सगळ्यांचे मनापासून आभार, एकेकाला नंतर लिहीन.

पर्वतीपायथा, तुमच्या कावळ्यानं कादंबरी सोडवली. काकूंच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. दुपारपर्यंत थांबून शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं, हे मी मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं विसरूनच गेले होते. आता माझ्या वाड्यातली सून काय मागते ते मला कळलंय. तिला पंचनामा हवा आहे. मेलेले तिघं म्हणजे त्या पहाटे "पोलिसांत कशाला, नऊच्या आत उरकू" असं ठरवणारे तिघं. एक खरोखरच गिझरनं जाईल, एक बुडून, एक मगरीनं. तिन्ही कारणं अहवालात स्वच्छ सापडतील आणि पीएसआय प्रत्येक कागदावर बिनदिक्कत सही करेल. पण प्रत्येक मयताचा पंचनामा करायला पोलिसांना त्याच वाड्यात, त्याच खोलीपर्यंत यावं लागतं. ती त्यांना बोलावून घेतेय. बंदोबस्त, "का आज" हे तुमचं वाक्य मी जमादाराच्या तोंडी घालणार आहे.

काल आईशी फोनवर बोलले. ती आता ब्याऐंशीची आहे. तिला या धाग्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. फक्त विचारलं, काकूंचे हात आठवतात का गं तुला? ती म्हणाली, "आठवतात ना. हळदीकुंकवाला पुढे करायची. शेवटी शेवटी नखांवर पांढरे पट्टे आले होते, आडवे. मी म्हटलं, कॅल्शियम कमी झालंय, दूध घेत जा. तर म्हणाली, रात्रीचं दूध सासूबाई स्वतः देतात हो."

निवृत्तवैद्य

त्या रेघा मूत्रपिंडाच्या आजारातही येतात. दीर्घ आजारपणातही.

सुरसागरकाठ (धागाकर्ती)

हो डॉक्टरकाका, लक्षात आहे. आईलाही तेवढंच सांगितलं. पहिलं प्रकरण मात्र फाडून टाकलं आज. आता सुरुवात हळदीकुंकवापासून होते.